चिनी पाकशब्द आणि मराठी क्रियापदें

भाषांतराची खरी परीक्षा काव्यांत होते असें पंडित म्हणतात. आमच्या मतें ती स्वयंपाकघरांत होते. काव्याचें भाषांतर बिघडलें तर वाचक पुस्तक मिटून ठेवतो आणि मूळ कवीची कीर्ति जशीच्या तशी राहते. पाककृतीचें भाषांतर बिघडलें तर भात करपतो, चार माणसें अर्धपोटीं उठतात, आणि दोष भाषांतरकारावर न येतां रांधणारीवर येतो. तेव्हां ज्या शब्दांवर घरचें जेवण अवलंबून आहे, त्यांची छाननी करणें हें टीकाकाराचें काम नव्हे, असें कोणीं म्हणूं नये.

हा विषय आम्हांस सुचला तो माण गांवीं. मुळशी तालुक्यांतील ह्या गांवाच्या एका अंगास भाताचीं खाचरें आणि दुसऱ्या अंगास राजीव गांधी माहिती-तंत्रज्ञान उद्यानाच्या तिसऱ्या टप्प्याच्या काचेच्या इमारती आहेत. संध्याकाळीं कचेऱ्या सुटल्या कीं रस्त्याच्या कडेस तांबड्या रंगाच्या हातगाड्या उभ्या राहतात, आणि मोठ्या ज्वाळेवर लोखंडी कढया वाजूं लागतात. अशाच एका गाडीच्या पाटीवर आम्हीं वाचलें: 'मंच्युरियन, हाक्का नूडल्स, शेजवान फ्राइड राइस, चॉप्सी'. आम्ही ती पाटी वाचीत असतां गाडीवाला आपल्या हाताखालच्या पोरास म्हणाला, "अरे, नुसता ढवळूं नको, नीट परत!" पाटीवर 'फ्राइड' आणि तोंडांत 'परत'! एकाच वस्तूसाठीं लिहिण्याचा शब्द एक आणि करण्याचा शब्द दुसरा, असें कां व्हावें? ह्या प्रश्नाचा विचार करतां करतां जें आम्हांस दिसलें तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

प्रथम पाटीवरचीं नांवें घेऊं. 'शेजवान' हें चीनच्या नैर्ऋत्येकडील सिछ्वान प्रांताचें नांव. जुन्या इंग्रजी लेखनांत त्याची जी अक्षररचना होती, तींतील अक्षरें आपल्याकडे उलटसुलट होऊन त्याचें 'शेजवान' झालें. 'सि' म्हणजे चार आणि 'छ्वान' म्हणजे नदी. म्हणून 'चार नद्यांचा प्रांत' असा अर्थ पुष्कळ लोक सहज लावतात. इतिहासज्ञ मात्र हें नांव सुंग राजवटींतील चार परगण्यांवरून आलें, असें सांगतात. ज्या नांवाचा अर्थ खुद्द त्याच्या देशांतच पुष्कळ लोक चुकवितात, त्याचा उच्चार माणच्या रस्त्यावर चुकला तर त्याबद्दल फार कठोर होण्याचें कारण नाहीं.

'मंच्युरियन'ची गोष्ट याहून मौजेची आहे. मांचुरिया हा चीनच्या ईशान्येकडील प्रदेश. पण तेथें ह्या पदार्थास कोणी ओळखीत नाहीं. कलकत्त्यास जन्मलेले चिनी वंशाचे पाककुशल गृहस्थ नेल्सन वांग यांनीं १९७५ सालीं मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियामध्यें तो प्रथम केला, असें सांगितलें जातें. आलें, लसूण आणि हिरवी मिरची येथपर्यंतचा रस्ता आपल्या ओळखीचा; पुढें गरम मसाल्याची वाट सोडून सोया सॉस व मक्याचें पीठ यांची वाट धरिली, एवढेंच. म्हणजे पदार्थ मुंबईचा, कर्ता कलकत्त्याचा आणि नांव मात्र हजारों कोस दूरचें! पण नांव ठेवतांना आईबापांनीं भूगोल पाहिला नाहीं म्हणून मूल परकें ठरत नाहीं.

'हाक्का' ह्या शब्दाचा अर्थ आमच्या वाचकांपैकीं फारच थोड्यांनीं विचारला असेल. हाक्का हे चीनमधील लोक आहेत, आणि ह्या शब्दाचा अक्षरार्थ आहे 'पाहुणीं घराणीं'. उत्तरेकडून दक्षिणेंत पिढ्यान् पिढ्या सरकत आलेल्या ह्या लोकांना तेथील जुन्या रहिवाशांनीं पाहुणे म्हटलें, आणि तेंच नांव त्यांना चिकटलें. त्यांच्यापैकीं कांहीं पुढें कलकत्त्यास येऊन टांगरा भागांत कातडीं कमावण्याच्या धंद्यांत शिरले, आणि त्यांच्या चुलींवरून हा स्वयंपाक हिंदुस्थानभर पसरला. म्हणजे पाटीवरच्या 'हाक्का नूडल्स'चें सरळ मराठी करावयाचें तर तें 'पाहुण्यांच्या शेवया' असें होईल! शब्द गोड आहे. पण तो वाचून गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढें दुधांतल्या शेवया किंवा शेवयांचा उपमा उभा राहील, आणि ताटांत कांहीं भलतेंच येईल.

'चॉप्सी'बद्दल तर आम्हांस फारच मोह पडला होता. हा शब्द कँटनकडील बोलींतला; त्याचा अर्थ निरनिराळे सटरफटर तुकडे एकत्र केलेले. अमेरिकेंत गेलेल्या चिनी लोकांनीं तो तेथें प्रसिद्धीस आणला, आणि तेथून फिरत तो आपल्याकडे आला. ह्याला मराठींत तंतोतंत प्रतिशब्द आहे: मिसळ! अर्थानें, वजनानें आणि थोड्याशा अव्यवस्थेनेंही तो अगदीं जुळतो. पण 'अमेरिकन मिसळ' अशी पाटी लावून पाहावी; गिऱ्हाईक फरसाण आणि तर्री मागितल्यावांचून राहणार नाहीं. मिसळ हा शब्द आतां एका पदार्थाशीं लग्न लावून बसला आहे. कोशाच्या दृष्टीनें जें भाषांतर निर्दोष, तेंच ताटाच्या दृष्टीनें फसवें ठरतें, याचें ह्याहून चांगलें उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

ह्यावरून पहिला सिद्धांत असा निघतो कीं, पदार्थाचें नांव हें विशेषनाम आहे. त्याचें भाषांतर करण्याच्या भरीस पडूं नये. खुद्द चिनी लोकांना हा धडा अनुभवानें शिकावा लागला. २००८ च्या ऑलिंपिक सामन्यांसाठीं जगभरचे पाहुणे येणार म्हणून बीजिंगच्या अधिकाऱ्यांनीं उपाहारगृहांकरितां पदार्थांच्या इंग्रजी नांवांची यादी तयार केली. कारण तोंवर 'पतिपत्नींच्या फुप्फुसांचे काप' अशासारखीं अक्षरशः केलेलीं भाषांतरें वाचून परके लोक एकतर घाबरत किंवा हंसत. वस्तुतः तो बैलाच्या मांसाच्या तिखट कापांचा प्रकार. तो मूळ एक जोडपें विकीत असे म्हणून 'पतिपत्नी'. त्याच सिछ्वान प्रांतांतील 'मापो टोफू' ह्या नांवांत देवीचे वण असलेली एक म्हातारी दडलेली आहे. ठाण्याच्या मामलेदार मिसळींत जसा मामलेदार शोधूं नये, तशीच ह्या टोफूंत ती म्हातारी शोधूं नये. आपणही पूर्वीं हेंच शहाणपण दाखविलें आहे: चहा हा मूळ चिनी शब्द, लिचीही चिनीच, दोन्ही आपण तसेच घेतले, आणि आज चहाला परका म्हणणारा मनुष्य स्वतः चहा घेऊनच तें म्हणेल.

आतां क्रियापदांकडे वळूं. नांवांना जो न्याय लावला तो येथें लावतां येत नाहीं. नांव पदार्थाकडे बोट दाखवितें. क्रियापद हातानें काय करावयाचें तें सांगतें. म्हणून तें रांधणाऱ्याला त्याच्या भाषेंतच कळलें पाहिजे.

'फ्राइड राइस' घ्या. चिनी भाषेंत ह्यास 'छाओ-फान' म्हणतात. 'छाओ' म्हणजे थोड्या तेलांत, तापल्या कढईंत, सारखें हलवीत शिजविणें. भरपूर तेलांत बुडवून तळण्यास त्यांचा अगदीं वेगळा शब्द आहे, 'जा'. इंग्रजीनें ह्या दोघांनाही 'फ्राय' ह्या एकाच शब्दांत कोंबलें, आणि भेद दाखविण्यासाठीं मागाहून विशेषणें जोडलीं. मराठींत हा भेद मुळापासून आहे: एक परतणें आणि दुसरें तळणें. पुरी परतीत नाहींत आणि भात तळीत नाहींत, हें आपल्याकडे दहा वर्षांच्या मुलीलाही सांगावें लागत नाहीं. तेव्हां चिनी शब्द मराठींत येतांना सरळ घरीं येऊं शकत होता. त्याला इंग्रजीच्या दारावरून वळसा घालून आणण्याचें कारण नव्हतें. त्या वळशांत त्याचा अर्धा अर्थ गळाला, आणि आपण इंग्रजीची उणीव आपल्या भाषेंत पदरमोड करून विकत घेतली.

'फान' ह्या दुसऱ्या शब्दाचीही तीच कथा. इंग्रजीला 'राइस' हा एकच शब्द. शेतांत, पोत्यांत आणि ताटांत तोच. चिनी माणूस शेतांतल्या पिकाला 'दाओ', सडलेल्या दाण्याला 'मी' आणि शिजलेल्या अन्नाला 'फान' म्हणतो. आंबेमोहराबद्दल प्रसिद्ध असलेल्या आमच्या मुळशींत हें कोणास शिकवावयास नको. खाचरांत उभें असतें तें भात, गिरणींतून येतो तो तांदूळ, आणि ताटांत पडतो तो पुन्हा भात. पण पहिलें भात नपुंसकलिंगी आणि दुसरा भात पुल्लिंगी! 'भात कापलें' आणि 'भात शिजला' ह्यांतील भेद आपलें व्याकरण सांभाळतें. शिवाय 'फान' ह्या शब्दाचा अर्थ नुसता भात नसून जेवण असाही आहे. आणि भाताशिवाय जेवण झालें असें न मानणारे लोक मुळशींत व कोंकणांत पुष्कळ सांपडतील. 'छाओ-फान' बहुधा आदल्या दिवशींच्या गार, सुट्या भाताचा करतात. आपल्याकडचा रात्रीच्या उरलेल्या भाताचा सकाळचा फोडणीचा भात तो दुसरा कोणता?

फोडणी म्हटल्यावर एक विलक्षण साम्य सांगितल्यावांचून राहवत नाहीं. चिनी स्वयंपाकांत पुष्कळदां आरंभीं तापल्या तेलांत आलें, लसूण, कांद्याची पात टाकून त्यांचा वास मोकळा करतात. ह्या क्रियेस 'बाओ-श्यांग' म्हणतात. 'बाओ' म्हणजे फुटणें, 'श्यांग' म्हणजे सुवास, सुवास फोडणें! मराठी बाईनें 'फोडणी' हा शब्द जेथून घेतला त्याच अनुभवांतून हजारों कोसांवरच्या चिनी बाईनें आपला शब्द घेतला. तेल तापल्यावर कांहींतरी फुटतें, तडतडतें आणि घरभर वास जातो, ही एकच घटना दोघींनीं कानांनीं ऐकली. वाफवलेल्या माशावर पात व आलें घालून वरून कढत तेल ओतण्याची कँटनची रीतही आपल्या वरून दिलेल्या फोडणीची सख्खी बहीण आहे. इंग्रजी पुस्तकांत फोडणीला 'टेंपरिंग' म्हणतात. तो शब्द पोलादालाही लागतो आणि चॉकलेटलाही. त्यांत ना आवाज, ना वास.

परंतु आपल्या भाषेच्या प्रेमानें न्याय सुटूं नये. तिन्ही भाषांचे शब्द शेजारीं ठेवले असतां आम्हांस असें दिसतें कीं, इंग्रजी शब्द तेलाकडे पाहतो, मराठी शब्द हाताकडे पाहतो आणि चिनी शब्द अग्नीकडे. 'परतणें' म्हणजे उलटणें, पुन्हा फिरविणें; त्यांत मनगटाची हालचाल आहे, पण आंच किती हें नाहीं. चिनी लिपींत 'छाओ', 'जा', 'बाओ' ह्या प्रत्येक शब्दाच्या चिन्हांत अग्नीची खूण काढलेली असते. वाफविण्याच्या आणि उकळण्याच्या शब्दांखालीं जे चार ठिपके देतात तेही अग्नीचेच. युआन मेइ ह्या चिनी कवीनें १७९२ सालीं, म्हणजे आपल्याकडे सवाई माधवरावांची कारकीर्द चालू असतां, पाकशास्त्रावर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांत आंचेचें ज्ञान हें स्वयंपाक्याच्या मुख्य ज्ञानांपैकीं एक म्हणून सांगितलें आहे. मोठ्या आंचेला ते लोक 'क्षात्र अग्नि' आणि मंद आंचेला 'पंडिती अग्नि' अशा अर्थाचे शब्द वापरतात. परतण्यास पहिला, मुरवून शिजविण्यास दुसरा. म्हणून 'छाओ'चें पुरें मराठी 'परतणें' एवढेंच नसून 'प्रखर आंचेवर परतणें' असें करावें लागेल. घरच्या शेगडीवर मंद आंचेवर परतलेल्या भाताला पाणी सुटतें आणि गृहिणी स्वतःच्या हाताला दोष देते; दोष त्या गाळलेल्या विशेषणाचा असतो.

आणखी एक उणीव कबूल केली पाहिजे. आपण 'उकडीचे मोदक' म्हणतों तेव्हां ते वाफेवर शिजतात. 'उकडलेले बटाटे' म्हणतों तेव्हां ते बहुधा पाण्यांत शिजतात. चिनी भाषेंत वाफेचा शब्द 'जेंग' आणि पाण्याचा 'जू' असे स्पष्ट वेगळे आहेत. तेथें भाषांतरकारानें 'उकडणें' लिहून मोकळें न होतां 'वाफवणें' आणि 'पाण्यांत शिजविणें' असें निवडून लिहिलें पाहिजे. नाहींतर पिठाच्या नाजूक पारी पाण्यांत विरघळून जातील.

कांहीं शब्द वरवर जुळतात आणि म्हणूनच अधिक फसवितात. 'होंग-शाओ' ह्याचा अक्षरार्थ 'तांबडें रांधणें'. एखादा उत्साही भाषांतरकार त्यास 'तांबडा रस्सा' म्हणेल, आणि कोल्हापूरचा मनुष्य घाम पुसण्याचा पंचा घेऊन पानावर बसेल. पण त्या चिनी प्रकारांतील तांबडेपणा सोया सॉसचा आणि साखरेचा; चव गोडसर आणि आंच मंद. उलट, कँटनचे लोक उत्तम परतलेल्या पदार्थाला जो एक धुरकट, जिवंत वास येतो त्यास 'वॉक-हेइ' म्हणतात. 'वॉक' म्हणजे त्यांची कढई आणि 'हेइ' म्हणजे वाफ, श्वास, प्राण. आपला 'खमंग' त्याच्या जवळ जातो, पण खमंगपणा मंद भाजण्यानेंही येतो. 'कढईचा दम' म्हणावें तर 'दम' हा शब्द झांकून मंद शिजविण्याकडे गेलेला, म्हणजे नेमका उलटा. अशा ठिकाणीं हार मानून मूळ शब्द घ्यावा आणि शेजारीं एका वाक्यांत खुलासा द्यावा. त्यांत कमीपणा नाहीं.

शब्द हरवला म्हणजे चवही कशी हरवते, ह्याचें उदाहरण पुन्हा त्या 'शेजवान'चेंच. सिछ्वानच्या स्वयंपाकाचा प्राण 'मा-ला' ह्या दोन अक्षरांत आहे. 'ला' म्हणजे तिखट. 'मा' म्हणजे जिभेला येणारी बधिरता, चुणचुण. ती मिरचीनें येत नाहीं, 'ह्वाज्याओ' नांवाच्या फळाच्या सालीनें येते. इंग्रजींत त्यास 'सिछ्वानी मिरी' म्हणतात, वास्तविक मिरीच्या कुळाशीं त्याचा संबंध नाहीं. त्याचा खरा भाऊबंद आपल्या घरीं आहे: कोंकणांत आणि गोव्यांत बांगड्याच्या आमटींत घालतात तें तिरफळ. वनस्पतिशास्त्राप्रमाणें दोन्ही एकाच झँथोझायलम जातीच्या प्रजाति. दोहोंचीही बी टाकून साल वापरतात. इंग्रजीच्या वळशानें आलेल्या शेजवान चटणींत तांबडी मिरची आली, लसूण आला, व्हिनेगर आलें. 'ला' आला, 'मा' वाटेंतच राहिला. कोंकणांतल्या एखाद्या आजीला कोणी विचारलें असतें, तर 'तिरफळासारखें जीभ चुणचुणविणारें' एवढ्यांत तिनें सारा प्रांत समजून घेतला असता.

आतां कोणी म्हणेल, भाषा वाहती आहे; चार इंग्रजी क्रियापदें आलीं तर बिघडलें काय? आमचें उत्तर असें. 'सॉस', 'नूडल्स', 'टोफू' हीं नांवें आलीं तीं नव्या वस्तु घेऊन आलीं. त्यांनीं आपल्या घरांत भर घातली. 'फ्राय करा', 'सॉते करा', 'टॉस करा' हीं क्रियापदें कांहींच घेऊन आलीं नाहींत. तीं आलीं आणि घरच्यांना उठवून त्यांच्या जागीं बसलीं. रामचंद्र सखाराम गुप्ते यांच्या १८७५ च्या 'सूपशास्त्रा'पासून, लक्ष्मीबाई धुरंधर यांच्या १९१० च्या 'गृहिणीमित्रा'वरून, कमलाबाई ओगले यांच्या १९७० च्या 'रुचिरा'पर्यंत मराठींत पाकशास्त्र लिहिण्याची परंपरा आहे. 'रुचिरा'नें वाटी-चमच्याचें माप देऊन नवशिक्या मुलींचें केवढें भय घालविलें, हें पुष्कळ घरांना ठाऊक आहे. आज त्याच घरांतली मुलगी परगांवीं एका खोलींत राहते आणि रात्रीं दूरध्वनीवर विचारते, "आई, कांदा किती वेळ सॉते करूं?" आई उत्तर देते, "वेळ कसला बघतेस? कच्चा वास जाईपर्यंत परत, बाजूनें तेल सुटूं दे." प्रश्नांत घड्याळ आहे, उत्तरांत नाक, डोळा आणि हात आहेत. 'परतणें' ह्या शब्दाबरोबर 'कच्चा वास जाईपर्यंत', 'गुलाबी होईपर्यंत', 'तेल सुटेपर्यंत' हें सगळें गणगोत येतें; 'सॉते'च्या मागें कोणी येत नाहीं. शब्द गेला म्हणजे त्याच्या पाठीवर बसून पिढ्यान् पिढ्या चालत आलेलें हें ज्ञानही जातें, आणि मग तें पुन्हा मिळविण्यास प्रत्येकीला आपापला कांदा जाळावा लागतो.

म्हणून चिनी पाककृति मराठींत लिहिणारांस आमची सूचना थोडक्यांत अशी: नांव पाहुण्याचें राहूं द्यावें, क्रिया घरची असावी, जेथें घरची अपुरी पडेल तेथें आंच, पाणी आणि वाफ यांचें विशेषण जोडावें, आणि जेथें तेंही चालणार नाहीं तेथें मूळ शब्द मानानें घ्यावा. शक्य तेथें अर्थ चिनी शब्दापासूनच विचारावा, इंग्रजीच्या उष्ट्यावर समाधान मानूं नये. ह्यांत चिनी स्वयंपाकाचाही न्याय आहे. तीन बाटल्या आणि एक ज्वाळा एवढ्यावर ज्याची ओळख आपण आटोपली, तें एका फार जुन्या आणि विचारी लोकांचें शास्त्र आहे.

माणच्या त्या गाडीवाल्यानें हीं मूळ भाषेंतलीं नांवें ऐकलीं असण्याचा संभव नाहीं, आणि पाटी लिहितांना त्यानें आमचा सल्ला घेतला नाहीं. पण पोरगा भात नुसता ढवळतो आहे हें पाहतांच त्याच्या तोंडून जो शब्द निघाला, तो 'छाओ'चें आम्हांस ठाऊक असलेलें सर्वांत चांगलें भाषांतर होतें. आणि आंच तर खालीं भरपूर होतीच.